पडद्यावरचे चित्र व भिंतीवरचे चित्र

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. इंद्रायणीच्या काठी इंदुरी येथे एका ख्रिस्ती घराच्या अंगणात आम्ही दिवेलागणीच्या सुमारास जमलो होतो. दोन खांबांना एक पांढरी चादर ताणून बांधली होती, आणि तिच्यावर यंत्राच्या साह्याने मी पवित्र शास्त्रातील गोष्टींची चित्रे व ज्या नगरांतून प्रेषित पौल हिंडला त्या नगरांच्या भग्नावशेषांची छायाचित्रे दाखवीत होतो. मंडळीतील माणसे थोडी होती. शेजारपाजारची अधिक होती. एका अतिप्राचीन उपासनागृहाच्या भिंतीवरील चित्र पडद्यावर आले. एक मेंढपाळ भलेमोठे मेंढरू खांद्यावर घेऊन उभा आहे, असे ते चित्र होते. जन्मभर शेळ्या राखलेली एक वृद्ध विधवा भगिनी पुढेच बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, “बराबर हाय. असंच घेत्यात. पाय म्होरं धरायचं, म्हंजी बिचकत न्हाई.” सर्वांस आनंद वाटला, व मलाही वाटला. पण घटकाभराने तीच भगिनी हलक्या आवाजात मला म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या भिंतीवरचं चित्र पाप, आन् तुमच्या पडद्यावरचं चित्र पुण्य, हे कसं वो?”

हा प्रश्न तिने का विचारला, हे तेथे मजवाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. सहा वर्षांपूर्वी मी तिच्या घरी प्रार्थनेस गेलो असता भिंतीवर प्रभूचे एक रंगीत चित्र व त्याला झेंडूचा हार पाहिला होता. मी तिला काहीएक विचारले नाही. दुसरी आज्ञा म्हणून दाखविली आणि चित्र खाली काढावयास लावले. तिने ते काढले, पदराने पुसले व पेटीत ठेवले. त्यानंतर कित्येक महिने ती उपासनेस आली नाही. मी मनात म्हणालो की, जुन्या सवयी सुटता सुटत नाहीत. आता तोच मी, हातात चित्रांची रास घेऊन, तिच्यापुढे उभा होतो. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय. आणि आपल्यापैकी जे उपदेशक गावोगाव चित्रे घेऊन जातात, त्यांसही तो विचार करण्याजोगा वाटेल, अशी आशा आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. कोणतीही कोरीव मूर्ती करू नये व तिच्या पाया पडू नये, ही आज्ञा निर्गमाच्या २० व्या अध्यायात आहे, व ती आपल्या मुलांस पाठ असते. परंतु त्याच ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडवावे, अशीही आज्ञा आहे. म्हणजे घडविणे तेवढेच पाप, असे शास्त्र म्हणत नाही. मग पाप कोठे आहे? ह्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला पितळी सर्पाच्या वृत्तांतात मिळते. गणनेच्या २१ व्या अध्यायात देवाच्याच सांगण्यावरून मोशेने तो सर्प केला, आणि विषारी दंश झालेल्यांनी त्याजकडे पाहिले तेव्हा ते वाचले. पुढे अनेक शतके लोटली. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात आपण वाचतो की, इस्राएल लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले होते. यास्तव हिज्कीया राजाने तो फोडून तुकडे केले. देवाने करविलेली वस्तू देवभीरू राजाने फोडली, आणि शास्त्र त्याची स्तुतीच करते! आणखी पुढे चला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ ऱ्या अध्यायात प्रभू निकदेमाशी बोलत असता तोच सर्प आपल्या वधस्तंभाचा दृष्टान्त म्हणून सांगतो. तेव्हा पितळ तर उरलेच नव्हते. पितळ मोडले, पण गोष्ट मोडली नाही.

बंधुभगिनींनो, माझ्या मते सर्व प्रश्नाची किल्ली येथे आहे. चित्र जोवर गोष्टीची सेवा करते, तोवर ते सेवक आहे. गोष्ट विसरली, नुसते चित्र राहिले, आणि माणूस त्या रंगापासून व त्या लाकडापासून काही मिळेल अशी आशा करू लागला, म्हणजे सेवक धनी होऊन बसतो. हिज्कीयाने जो सर्प फोडला, त्याची गोष्ट लोकांच्या अंतःकरणात आधीच मेली होती. गोष्ट जिवंत आहे की मेली आहे, हे पाहिल्यावाचून फोडणारा मात्र हिज्कीया नव्हे.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात हा वाद वारंवार उठला आहे. मी पडद्यावर दाखविलेला तो मेंढपाळ फरात नदीच्या काठच्या दुरा-युरोपस नामक नगरातील होता. तेथे एक साधे राहते घर होते. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ते उपासनेकरिता वापरण्यात आले, व त्यातील बाप्तिस्म्याच्या खोलीत कुंडाच्या वर हे चित्र रंगविण्यात आले. प्रभू पाण्यावर चालतो आहे, पक्षाघाती मनुष्य आपली बाज उचलून निघाला आहे, विहिरीपाशी शोमरोनी स्त्री वाकली आहे, अशीही चित्रे तेथे आहेत. इ. स. २५६ च्या सुमारास शत्रूचा वेढा पडला असता रक्षकांनी तटाला बळकटी यावी म्हणून तटाजवळची घरे मातीने भरून टाकली. नगर पडले ते कायमचे. परंतु त्याच मातीने चित्रांचे रक्षण केले, आणि १९३२ साली उत्खननात ती उजेडात आली. त्याच रस्त्यावर यहुद्यांचे सभास्थानही सापडले, आणि मोशेची आज्ञा जपणाऱ्या त्या लोकांनीही आपल्या भिंती शास्त्रातील गोष्टींच्या चित्रांनी भरून टाकल्या होत्या! रोम शहराच्या भुयारी दफनस्थानांतही योना, सिंहांच्या गुहेतील दानीएल व मेंढपाळ हीच चित्रे पुनःपुन्हा आढळतात. ही पूजेकरिता मांडलेली नव्हती. संकटात सापडलेल्या माणसांनी आपल्या मृतांजवळ आपली आशा रंगविली होती.

इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय शहराच्या बिशपाने लोक चित्रांची पूजा करतात असे पाहून ती फोडून टाकली. तेव्हा रोमचा बिशप ग्रेगरी याने त्यास कळविले की, पूजा थांबविलीस हे ठीक, पण चित्रे फोडलीस हे ठीक नव्हे. कारण ज्यास अक्षर येत नाही तो भिंतीवरच वाचतो. पुढे पूर्वेकडील मंडळीत ह्याच प्रश्नावरून आठव्या व नवव्या शतकांत शंभर वर्षांहून अधिक काळ तंटा चालला. धर्मसुधारणेच्या काळी झुरिक येथे १५२४ साली उपासनागृहांतून चित्रे व मूर्ती काढून टाकण्यात आल्या. मार्टिन लूथर मात्र १५२२ साली विटेनबर्गला परत आला तो मूर्ती फोडणाऱ्यांस आवरण्याकरिता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, अंतःकरणातील मूर्ती वचनाने पडली म्हणजे भिंतीवरील मूर्तीचे काही चालत नाही. पण हातोड्याने भिंतीवरील पाडली तरी अंतःकरणातील उभीच राहते. त्याच लूथरचे संपूर्ण जर्मन शास्त्र १५३४ साली निघाले, ते चित्रांसह. तेव्हा आपले प्रॉटेस्टंट पूर्वजही ह्या बाबतीत एकमुखी नव्हते, हे आपण नम्रपणे ध्यानात ठेवावे.

चित्रांविषयी दुसरा एक धोका आहे, आणि तो आपल्या देशात अधिक आहे. चित्र गोष्ट सांगते, पण कधीकधी ती वाकडीही सांगते. परदेशांत छापलेली जी चित्रे आपल्या शाळांत व घरांत आली, त्यांत प्रभूचे केस सोनेरी, डोळे निळे आणि वर्ण साहेबांसारखा. प्रभू तर आशिया खंडात, शेतकरी व कोळी लोकांत, सुताराच्या घरी वाढला. परंतु ते चित्र पिढ्यान्‌पिढ्या पाहून आपल्या कित्येकांच्या मनात असे बसले की, तारणारा हा मोठ्या लोकांपैकी असून आपल्या आळीत तो पाहुणा म्हणूनच येतो. हे कोणी शब्दांनी शिकविले नाही, भिंतीने शिकविले. पुण्यातील शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँजेलो द फोन्सेका नामक गोव्याचे चित्रकार (१९०२ ते १९६७) कित्येक वर्षे राहिले. त्यांनी मरियेस लुगडे नेसविले आणि शास्त्रातील प्रसंग आपल्या देशाच्या अंगणांत व ओसरीवर आणून ठेवले. त्याबद्दल स्वतःच्या गोव्यात त्यांस फार बोल सोसावे लागले. मरियेला गावच्या बाईसारखी दाखविल्याने तिचा मान गेला, असे लोकांस वाटले. ज्यांस सोनेरी केस खटकले नाहीत त्यांस लुगडे खटकले! त्याहीपूर्वी फादर स्टीफन्स यांनी रंगाला हात न लावता, केवळ मराठी ओव्यांनी, हेच काम केले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. फोन्सेकांचे चित्रही प्रभूचे खरे छायाचित्र नव्हे, व परदेशी चित्रही नव्हे. म्हणून चित्र दाखविताना उपदेशकाने स्पष्ट सांगावे की, हा मुखवटा चित्रकाराचा आहे, गोष्ट मात्र प्रभूची आहे.

आता भग्नावशेषांविषयी. त्या रात्री इफिसची छायाचित्रे पाहून एका तरुणाने विचारले, “म्हणजे हे सगळं खरंच होतं तर?” त्याच्या मुद्रेवर जो आनंद दिसला तो मला समजला. आपल्याला पुष्कळदा हिणविले जाते की, तुमच्या शास्त्रातील गावे कागदावरची आहेत. ती कागदावरची नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायात देमेत्रिय सोनाराने ज्या नाटकगृहात दंगल माजविली, ते हल्लीच्या तुर्कस्तानात अजून डोंगराच्या उतारावर आहे, आणि त्यात सुमारे २४ हजार माणसे बसत. ज्या गल्लियोपुढे पौलास करिंथ येथे उभे केले, त्याचे नाव डेल्फी येथील शिलालेखात आढळले, व त्यावरून तो इ. स. ५१-५२ च्या सुमारास तेथे अधिकारी होता असे ठरते. पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली समुद्रकाठच्या कैसरीयात सापडला. कोणी तो नाटकगृहाच्या पायरीस लावून टाकला होता. आणि रोम शहरात तीताच्या कमानीवर यरुशलेमेच्या मंदिरातील सात दिव्यांची समई लुटून नेणारे शिपाई आजही कोरलेले दिसतात. इ. स. ७० मधील त्या नाशाचे चित्र विजेत्यांनी गर्वाने कोरले, आणि न कळत शास्त्राचे साक्षीदार झाले.

तो भूमध्य समुद्राचा प्रदेश आपणांस वाटतो तितका परकाही नव्हे. ह्याच मावळात, ह्याच इंद्रायणीच्या उगमाकडे, कार्ल्याच्या लेण्यात बौद्ध भिक्षूंचे सुमारे १२४ फूट लांब चैत्यगृह आहे. त्याचे खांब एकेका दात्याने दिलेले आहेत, आणि दात्यांची नावे खांबांवर कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे कित्येक यवन आहेत; यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडील लोक. पौलाच्या शतकाच्या आगेमागे त्या जगातली माणसे ह्या घाटाने चढत-उतरत होती आणि त्यांतील काही येथलीच होऊन गेली होती. सिंहध्वज, धर्म अशी नावे त्यांनी धारण केली होती. कोल्हापुरास ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडन नामक ग्रीक समुद्रदेवाची लहानशी पितळी मूर्ती सापडली, ती आज तेथील संग्रहालयात आहे. एके काळी खलाशी ज्याला नवस करीत, त्याच्यापुढे आज शाळेची मुले रांगेने जातात आणि कोणी हात जोडीत नाही. तिची गोष्ट सांगणारे उरले नाहीत. पितळ तेवढे उरले.

परंतु दगडांवर विश्वास टेकू नये. दगड इतके सांगतो की, पिलात होता. पिलातापुढे उभा राहिलेला तो पुरुष तुझा प्रभू आहे, हे दगड सांगू शकत नाही. आणि जो दगडावर उभा राहतो, त्याला दगड मिळाला नाही म्हणजे तो खोटा दगड शोधू लागतो. आपल्या तरुणांच्या मोबाइलवर नोहाचे तारू डोंगरावर सापडल्याची, तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाके सापडल्याची चित्रे फिरत असतात. ह्यांपैकी कोणतेही विद्वानांच्या तपासाला उतरलेले नाही, आणि आता तर यंत्रे हवे तसे चित्र क्षणात तयार करून देतात. अशी चित्रे पुढे पाठविणारे बंधू पुष्कळदा सद्हेतूने पाठवितात. तथापि देवाच्या बाजूने खोटे बोलण्याची परवानगी देवाने कोणास दिलेली नाही. इयोबाने आपल्या मित्रांस ह्याच गोष्टीबद्दल दोष दिला होता. शेजाऱ्याला ते चित्र खोटे आहे असे उद्या कळले, तर तो चित्र टाकून थांबणार नाही. गोष्टही टाकील, आणि तो दोष आपला असेल.

त्या रात्री इफिसचे आणखी एक छायाचित्र मी दाखविले होते, आणि तेच मला घरी जाताना अस्वस्थ करीत होते. ज्या अर्तमी देवीच्या मंदिराकरिता सारे नगर ओरडत होते, त्याची जागा १८६९ साली खणून काढण्यात आली. आज तेथे जुळवून उभा केलेला एकच खांब दिसतो. हे दाखवून मी विजयाने बोललो. पण त्याच इफिसात मरियेच्या नावचे मोठे उपासनागृह होते, तेथे इ. स. ४३१ मध्ये सर्व मंडळ्यांची परिषद भरली होती. तेही पडके आहे. योहानाच्या नावचे मंदिरही पडके आहे. नदीच्या गाळाने बंदर बुजले, समुद्र मैलोगणती दूर गेला, नगर ओस पडले. अर्तमीचाही खांब पडला आणि आमचाही पडला. प्रकटीकरणाच्या २ ऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीस समई हलविली जाण्याची जी ताकीद आहे, तिचे कारण काय दिले आहे? चित्रे नव्हेत, मूर्तीही नव्हेत. तिच्यापाशी श्रम होते, धीर होता, खोट्या उपदेशकांची पारखही होती. पहिली प्रीती तेवढी तिने सोडली होती.

इंदुरीच्या लोकांस हे समजावून सांगण्यास तुर्कस्तानचे छायाचित्र कशास हवे? गावातच सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जिच्या दरवाजातून फौजा निघत, तिच्या तटावर आज गवत वाढते. आणि समोरच्या भंडारा डोंगरावर ज्या वाण्याने एकांतात भजन केले, त्याच्यापाशी ना गढी ना फौज. त्याच्या वह्या ह्याच नदीत बुडविल्या गेल्या, असे सांगतात. तरी त्याचे अभंग आज शेतात औत हाकणाऱ्याच्या तोंडी आहेत. आपल्या नारायण वामन टिळकांस ख्रिस्ताकडे येताना त्याच संताची वाट सापडली, हे आपणांस ठाऊकच आहे. वही बुडते, तट ढासळतो, पितळ फुटते. जिवंत माणसांच्या मुखात व वागणुकीत जी गोष्ट असते ती राहते.

म्हणून उपदेशक बंधूंस माझी विनंती इतकीच. चित्र दाखवा, पण गोष्ट आधी सांगा, नंतर चित्र दाखवा, आणि मग चित्र बाजूस ठेवून श्रोत्यांकडून गोष्ट पुन्हा सांगून घ्या. जे चित्र खरे आहे की नाही ह्याची तुम्हांस खात्री नाही, ते दाखवू नका. आणि कोणाच्या भिंतीवर चित्र दिसले, तर बोट दाखविण्यापूर्वी खाली बसा व विचारा, “हे कोणाचे? ह्याची गोष्ट सांगाल काय?” उत्तर आले नाही, तर गोष्ट सांगण्याचे काम तुमचे आहे. उत्तर आले, तर ऐकण्याचे काम तुमचे आहे.

हा प्रश्न मी स्वतः सहा वर्षे उशिरा विचारला. त्या संध्याकाळनंतर आठ दिवसांनी मी त्या भगिनीच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि विचारले, “आजी, ते चित्र कोणतं होतं?” तिने पेटी उघडली. चित्र मेंढपाळाचे होते. कोकरू मात्र खांद्यावर नसून हातात होते. तिच्या मुलाने पहिल्या पगारातून ते पुण्याहून आणले होते. तो मुलगा पुढे रस्त्यावरील अपघातात गेला. झेंडूचा हार ती वर्षातून एकदाच घालीत असे, त्याच्या जाण्याच्या दिवशी. आणि मी नेमका त्याच दिवशी तिच्या घरी गेलो होतो. “मला वाटायचं, ह्यानं माझ्या पोराला असं उचलून न्हेलंय,” ती म्हणाली. बंधुभगिनींनो, तिच्या घरात गोष्ट जिवंत होती. दुरा नगरीच्या ख्रिस्ती लोकांनी भिंतीवर जे रंगविले, रोमच्या भुयारांत शोक करणाऱ्यांनी जे रंगविले, तेच ती आपल्या भिंतीवर वाचीत होती. आणि मी तिला मूर्तिपूजक म्हणालो होतो.

मी तिला म्हणालो, “चित्र पुन्हा लावा.” हाराविषयी मी बोलणार होतो, पण तीच बोलली. “हार ऱ्हाऊ द्या आता. नातू इचारतो, त्याला सांगायला चित्र पायजे. जरा खाली ठोका खिळा, त्याला दिसंल असा.” खिळा मी ठोकला. तो किंचित तिरपा बसला आहे, आणि चित्रही तिरपे आहे. पण गेल्या खेपेस गेलो तेव्हा पाच वर्षांचा तो मुलगा चित्रापुढे उभा राहून शेजारच्या पोरास सांगत होता की, शंभर होती, त्यातलं एक हरवलं, आणि हा ते हुडकायला गेला.

देव करो आणि आपणा सर्वांच्या घरी ही गोष्ट चित्राहून अधिक काळ टिको.